इकेबानाची पहिली रचना: फांदी निवडण्यापासून पाणी बदलण्यापर्यंत

इकेबाना शिकायला बसणारा नवखा माणूस बहुधा फुलांचा गुच्छ आणि उंच फुलदाणी घेऊन बसतो, आणि पहिली अडचण तिथेच येते. या जपानी पुष्परचनेत मुख्य भार फांद्यांवर असतो. फुले एक, तीन किंवा फार तर पाच असतात आणि त्यांच्याभोवती राखलेली मोकळी जागाही रचनेचाच भाग मानली जाते. दुसरी अडचण अर्थाची. कोणते फूल कशाचे प्रतीक, याच्या याद्या इंटरनेटवर भरपूर मिळतात. पण त्या पाठ करून हाती फारसे काही लागत नाही, कारण जपानी घरात वनस्पतीला मिळालेला अर्थ बहुतेक वेळा तिच्या वागण्यातून आलेला असतो. ती कधी फुलते, कडाक्याच्या थंडीत तिचे काय होते, तिचे फूल कसे गळते, हे ज्याने पाहिले त्याला अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून या लेखात आधी थोडे अर्थाबद्दल आणि मग प्रत्यक्ष हातांनी करायच्या कामाबद्दल लिहिले आहे.

घराणी आणि त्यांतले फरक

संगीतात असतात तशी इकेबानातही घराणी आहेत, आणि नवशिक्याने आपण कोणत्या घराण्याची रचना करत आहोत हे माहीत करून घ्यावे, नाहीतर दोन पुस्तकांतील दोन वेगळी मापे पाहून गोंधळ उडतो. जपानमध्ये सहाव्या शतकात बौद्ध धर्म पोहोचला आणि त्याबरोबर बुद्धमूर्तीपुढे फुले अर्पण करण्याची रीत आली. या कलेचा उगम तिथे शोधला जातो. क्योतो येथील रोक्काकुदो मंदिराशी जोडलेले इकेनोबो हे सर्वांत जुने घराणे. १४६२ सालच्या एका भिक्षूच्या रोजनिशीत इकेनोबो सेन्केईने मांडलेली फुले पाहायला क्योतोतील रसिकांनी गर्दी केल्याची नोंद आहे. या घराण्याची रिक्का ही जुनी शैली अनेक शाखांची आणि भव्य असते, तर नंतर आलेली शोका शैली तीन मुख्य फांद्यांवर उभी राहते आणि त्या तिन्ही पाण्यातून एकाच बुंध्याने वर आल्यासारख्या दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन यांनी उथळ, पसरट भांड्यात रचना करण्याची मोरिबाना ही पद्धत आणली. जपानमध्ये तेव्हा नव्याने येऊ लागलेली आखूड देठांची पाश्चात्त्य फुले जुन्या उंच रचनांत बसत नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण. १९२७ साली तेशिगाहारा सोफू यांनी सोगेत्सु घराणे स्थापन केले. कोणीही, कुठेही आणि कोणत्याही साहित्याने इकेबाना करू शकतो, अशी त्या घराण्याची भूमिका आहे. खाली दिलेली मापे आणि कोन याच घराण्याच्या प्राथमिक उभ्या रचनेचे आहेत. घरी एकट्याने सुरुवात करणाऱ्यासाठी मला हीच रचना सर्वांत सोयीची वाटते, कारण तिचे नियम मोजून पाहता येतात.

वनस्पतीचा अर्थ कुठून येतो

जपानी नववर्षाची सजावट हे सर्वांत चांगले उदाहरण. घराच्या किंवा दुकानाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना कादोमात्सु उभारतात. त्यात बहुधा तिरके कापलेले तीन बांबू असतात आणि त्यांच्या बुडाशी पाइनच्या डहाळ्या. वर्षाच्या आरंभी घरी येणाऱ्या देवाला वाट दाखवण्यासाठी ही जोडी उभी असते, अशी श्रद्धा आहे. पाइन बर्फातही हिरवा राहतो म्हणून दीर्घायुष्याचा. बांबू वाकतो, पण मोडत नाही म्हणून चिवटपणाचा. आणि उमे, म्हणजे जपानी प्लम, थंडी सरण्याआधीच पानांविना फुलतो म्हणून धीराचा. या तिघांचे त्रिकूट मंगलप्रसंगी आजही वापरले जाते. सजावट २८ डिसेंबरपर्यंत करावी असा संकेत आहे. २९ तारीख टाळतात, कारण नऊचा उच्चार दुःखवाचक शब्दासारखा आहे. आणि ३१ तारखेला केलेली सजावट एका रात्रीपुरती उरकल्यासारखी होते म्हणून तीही अनुचित मानली जाते. तोक्योच्या बाजूला ही सजावट साधारण ७ जानेवारीपर्यंत ठेवतात, तर क्योतो-ओसाकाच्या बाजूला १५ तारखेपर्यंत ठेवण्याची रीत आहे.

पुढचे सणही असेच वनस्पतींवर बेतलेले आहेत. ३ मार्चला मुलींच्या सणाला बाहुल्यांच्या मांडणीजवळ पीचची फुललेली डहाळी आणि बहुधा तिच्या जोडीला मोहरीच्या जातीची पिवळी फुले असतात. ५ मेला मुलांच्या सणाला तलवारीसारख्या सरळ पानांच्या आयरिसची रचना करतात, आणि त्याच दिवशी शोबूची पाने गरम पाण्यात टाकून स्नान करतात. हा शोबू म्हणजे आपल्याकडचे वेखंड. बाळाच्या अंगाला वेखंडाची पूड लावणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटायचे कारण नाही. फुलदाणीतील आयरिस मात्र वेगळी वनस्पती आहे. दोघांची पाने सारखी दिसतात, एवढाच त्यांचा संबंध. ९ सप्टेंबरला शेवंतीचा दिवस येतो आणि शरदातील चंद्रदर्शनाला सुसुकी या गवताचे तुरे ठेवतात.

अर्थ लावताना वनस्पतीच्या वयाचाही विचार होतो. इकेनोबोच्या कमळाच्या रचनेत गुंडाळलेले कोवळे पान भविष्यकाळ, उमललेले पान वर्तमानकाळ आणि वाळत चाललेले पान भूतकाळ मानला जातो. आपण पुष्परचनेसाठी डागाळलेले पान आधी काढून टाकतो. इथे ते मुद्दाम राखले जाते. नवशिक्याने या उदाहरणातून एवढे घ्यावे की पूर्ण उमललेल्या फुलांपेक्षा कळी, अर्धोन्मीलित फूल आणि एखादे थकलेले पान एकत्र आले तर रचनेत काळ दिसू लागतो.

काही गोष्टी टाळतातही. कामेलियाचे फूल पाकळी-पाकळीने न गळता अख्खेच खाली पडते, म्हणून आजाऱ्याला भेटायला जाताना ते नेत नाहीत. रुग्णालयात कुंडीतले रोपही नेत नाहीत, कारण मूळ धरणे आणि अंथरुणाला खिळणे या दोन्हींसाठी जपानीत एकाच उच्चाराचा शब्द आहे. पांढरी शेवंती अंत्यविधीशी जोडलेली आहे, तर शरद संपाताच्या सुमारास फुलणारी लाल हिगानबाना स्मशानांजवळ वाढते म्हणून जुने लोक ती घरात आणू देत नाहीत. चार हा अंक मृत्यूवाचक शब्दाशी जुळतो, त्यामुळे चार फुले कोणी देत नाही; विषम संख्या सर्वत्र पसंत केली जाते. याउलट लाल फळांच्या घोसांचे नान्तेन हे झुडूप संकट परतवते असे मानून ते घराजवळ लावतात आणि शुभप्रसंगीच्या लाल भातावर त्याचे पान ठेवतात.

एक भेद इथेच स्पष्ट करावा. घरातील बौद्ध देव्हाऱ्यात पूर्वजांसाठी ठेवलेली फुले आणि शिंतो या जपानच्या मूळ धर्मातील देवतांच्या फळीवर ठेवलेली साकाकीची सदाहरित डहाळी ही इकेबानाची रचना नव्हे. त्यांचे नियम वेगळे असतात. इकेबानाची घरातील पारंपरिक जागा म्हणजे तोकोनोमा, म्हणजे बैठकीच्या खोलीतील किंचित उंच कोनाडा, जिथे एक लांब चित्रपट्टी टांगलेली असते आणि तिच्यापुढे फुले. पाहणारा समोर जमिनीवर बसलेला असतो, म्हणून जुन्या शैलींतील रचनांना पुढची बाजू ठरलेली असते. हल्लीच्या जपानी फ्लॅटमध्ये तोकोनोमा अनेकदा नसतोच. तेव्हा रचना प्रवेशद्वाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवतात.

साहित्य

भांडे उथळ आणि सपाट तळाचे हवे. साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि ५ ते ६ सेंटिमीटर उंचीचे, एकाच गडद किंवा मातकट रंगाचे चिनी मातीचे भांडे उत्तम. नक्षी असलेले भांडे सुरुवातीला घेऊ नये, कारण ते फांदीशी स्पर्धा करते. देठ उभे धरून ठेवण्यासाठी केन्झान लागतो. आपल्याकडे दुकानदार त्याला पिन होल्डर म्हणतात. त्याचा तळ शिशाचा आणि सुया पितळी असतात. ७ ते ८ सेंटिमीटर व्यासाचा आणि हातात जड लागणारा घ्यावा, कारण हलका केन्झान तिरक्या फांदीच्या वजनाने उलटतो. शिशामुळे तो हाताळल्यावर हात धुवावेत आणि भांड्यातले पाणी मांजर-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये. तिसरी वस्तू म्हणजे धारदार कात्री. जपानी हासामी मिळाली तर उत्तम. नाहीतर बागकामाची छोटी छाटणी कात्री चालते. कागदाची कात्री देठ चिरडते आणि चिरडलेला देठ पाणी ओढत नाही.

फुला-फांद्यांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: महाराष्ट्रात राहून जपानी वनस्पतींची नक्कल करण्यात अर्थ नाही. ऋतू दाखवणे हा या कलेचा प्राण असेल तर चैत्र-वैशाखात बहाव्याची लोंबती डहाळी, पावसाळ्यात सोनटक्का, पाऊस सरताना ओढ्याकाठी उभे राहणारे पांढऱ्या तुऱ्यांचे गवत आणि थंडीत शेवंती हेच योग्य साहित्य ठरते; बाराही महिने सारख्याच दिसणाऱ्या बाजारी लिलीला तो मान मिळत नाही. सुरूची डहाळी पाइनसारखी दिसते, पण ती पाइन नव्हे, आणि तिला त्याचा अर्थ चिकटवू नये. पहिल्या सरावासाठी डाळिंब, पेरू किंवा कामिनीची एखादी वळणदार फांदी आणि तीन शेवंत्या एवढे पुरे. मुंबईत दादरच्या आणि पुण्यात गुलटेकडीच्या फूलबाजारात सकाळी लवकर गेल्यास लांब देठाची फुले मिळतात. हारांसाठी खुडलेली बिनदेठाची फुले इथे उपयोगाची नाहीत. कण्हेर टाळावी, कारण तिचा चीक विषारी असतो आणि छाटताना तो हाताला लागतोच.

देठांची तयारी

बाजारातून आणलेली फुले लगेच भांड्यात लावू नयेत. बादलीत पाणी घेऊन देठाचे टोक पाण्याखाली बुडवावे आणि तिथेच दोन-तीन सेंटिमीटर कापावे. हवेत कापलेल्या देठात हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची वाट अडते. पाण्याखाली कापल्याने हे टळते. शेवंतीचा देठ मात्र कात्रीने न कापता पाण्याखाली हातानेच मोडावा, कारण मोडलेल्या जागी तंतू मोकळे होतात आणि पाणी ओढण्यास अधिक जागा मिळते. जाड लाकडी फांदीच्या टोकाला कात्रीने उभी-आडवी अशी अधिक चिन्हासारखी चीर द्यावी. ज्या देठांतून पांढरा चीक येतो, त्यांचे टोक क्षणभर ज्योतीवर धरून मग पाण्यात बुडवावे. यानंतर सारे साहित्य तासभर तरी खोल पाण्यात, सावलीत ठेवावे.

फांदी वाचणे आणि छाटणे

हा भाग घाईने उरकणाऱ्यांची रचना पुढे कितीही मापे पाळली तरी गिचमिड दिसते. फांदी हात लांब करून धरावी आणि सावकाश गोल फिरवावी. प्रत्येक फांदीला उजेडाची एक बाजू असते: तिकडे पानांचा तकतकीत पृष्ठभाग वळलेला असतो आणि टोके वर वळतात. ती बाजू वर आणि पाहणाऱ्याकडे येईल अशी फांदी धरली की ती झाडावर होती तशी दिसते. मग मुख्य रेषा कोणती ते ठरवावे आणि तिला आडव्या जाणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या, तसेच खालच्या बाजूला लटकणाऱ्या बारीक काटक्या एकेक करून काढाव्यात. एक काढली की फांदी पुन्हा लांब धरून पाहावी. डाळिंबाच्या फांदीवर साधारण निम्मी पाने गेली की उरलेल्या पानांमधून मुख्य दांड्याचे वळण दिसू लागते, आणि तिथे थांबावे. काढलेले परत लावता येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा ती काटकी रचना पूर्ण होईपर्यंत राखावी.

फांदी फारच सरळ असेल तर तिला वळण देता येते. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना टेकवून फांदी त्यांच्यावर धरावी आणि हळूहळू, थोडे पिळत वाकवावी. हाताच्या उबेने ओली फांदी नमते. अंगठ्यांमध्ये अंतर राहिले की ती त्या जागी काडकन मोडते.

मापे आणि कोन

तीन मुख्य देठांना शिन, सोए आणि हिकाए म्हणतात. त्यांच्यात आकाश, माणूस आणि धरती ही त्रयी पाहिली जाते. कोणता देठ कशाचा, याबाबत मात्र घराण्यांत एकवाक्यता नाही. भांड्याचा व्यास आणि उंची यांची बेरीज करून तिची दीडपट केली की शिनची लांबी मिळते. म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ६ सेंटिमीटर उंचीच्या भांड्यासाठी ३६ ची दीडपट, ५४ सेंटिमीटर. सोए शिनच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर. आणि हिकाए सोएच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. शिन आणि सोए फांद्यांचे करावेत, हिकाएसाठी शेवंती घ्यावी.

केन्झान भांड्याच्या मध्यभागी न ठेवता डाव्या बाजूला, थोडा पुढे ठेवावा. उजवीकडे उरलेला पाण्याचा मोकळा पृष्ठभाग रचनेला हवा असतो. केन्झान सरकत असेल तर खाली ओल्या वर्तमानपत्राची घडी घालावी. आता शिन. फांदीचे टोक तिरके कापावे, दोन्ही हातांनी धरून सुयांमध्ये सरळ खाली दाबावे आणि मगच कलवावे. आधीच तिरकी खुपसलेली फांदी धरत नाही. कललेल्या फांदीचा तिरका काप वरच्या बाजूला यायला हवा, म्हणजे खालची लांब कड सुयांवर टेकून वजन पेलते. शिन उभ्या रेषेपासून साधारण १५ अंश, सोए ४५ अंश आणि हिकाए ७५ अंश कलवावा. शिन आणि सोए डावीकडे पुढे, हिकाए उजवीकडे पुढे. तिन्ही टोके पाहणाऱ्याच्या दिशेने येतात, आणि त्यामुळेच रचनेला खोली मिळते. नवख्यांच्या रचना भिंतीला टेकवल्यासारख्या चपट्या होतात, त्याचे कारण बहुधा देठ फक्त डावी-उजवीकडे कलवलेले असतात हे होय. एकदा रचना बाजूने आणि वरूनही पाहावी.

शेवंतीसारख्या मऊ देठाला तिरका काप लागत नाही. रोवण्याआधी मापाला आणताना तो आडवा सरळ कापून थेट सुयांवर बसवावा. देठ फार बारीक असेल तर जाड देठाचा छोटा तुकडा त्याच्या बुडाशी दोऱ्याने बांधून मग तो रोवावा. उरलेल्या दोन शेवंत्या आणि एखादी छोटी डहाळी साहाय्यक देठ म्हणून येतात. ती मुख्य देठांपेक्षा आखूडच असावीत, उंच-सखल असावीत आणि त्यांनी केन्झान झाकावा. इथे हात सैल सोडण्याचा मोह होतो आणि फुले वाढत जातात. केन्झान झाकला गेला की थांबावे. फट उरलीच तर एखादे रुंद पान किंवा दोन-तीन गोटे पुरतात. शेवटी सुया पूर्ण बुडतील इतके पाणी भरावे.

जागा आणि निगा

रचना साध्या भिंतीपुढे ठेवावी. पंख्याच्या थेट झोतात आणि दुपारच्या उन्हात फुले एका दिवसात मान टाकतात. आपल्या हवेत पाणी रोज बदलणे आवश्यक आहे, एक तर ते लवकर नासते आणि दुसरे म्हणजे उथळ, स्वच्छ, साचलेले पाणी डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला नेमके आवडते. पाणी बदलताना रचना उचलू नये. लहान पेल्याने किंवा नळीने जुने पाणी काढून नवे भरावे आणि भांड्याची आतली कड फडक्याने पुसून घ्यावी.

फुले तीन-चार दिवसांत जातात, फांदी मात्र आठवडाभर टिकते. तेव्हा फक्त फुले बदलावीत, किंवा फांदी आखूड करून सोए आणि हिकाए यांची नवी जुळणी करावी. मापांचा सराव याने चांगला होतो. पुढे शिक्षकाकडे जायची इच्छा झाली तर १९५६ साली तोक्योत एलन गॉर्डन ॲलन यांनी स्थापन केलेल्या इकेबाना इंटरनॅशनल या संस्थेच्या शाखा भारतातही आहेत आणि त्यांच्यामार्फत निरनिराळ्या घराण्यांच्या शिक्षकांची माहिती मिळू शकते. पहिले वर्ष एकाच घराण्याचे नियम पाळावेत, कारण मापांची आणि कोनांची नावे सारखी असूनही त्यांचा वापर घराण्यागणिक बदलतो.

रचना मोडल्यावर केन्झान वाहत्या पाण्याखाली जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावा, सुयांमध्ये अडकलेले देठांचे तुकडे जाड सुईने काढावेत, वाकलेल्या सुया बारीक पक्कडीने सरळ कराव्यात आणि तो पूर्ण वाळल्यावरच डब्यात ठेवावा.